सात नंबरचा मिक्सर

नाशिक,
८ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तुझ्या कानातलं मशीन फोनवर नुसत्या शिट्ट्या मारतं आणि मोबाईलच्या उजेडाने तुझ्या डोळ्यांना पाणी येतं, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. तसंही हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही.

नोकरी लागली. अंबडची कंपनी बंद पडल्यापासून आई आणि धाकटा रुद्र माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यामुळे पहिली मिळाली ती धरली. पेठ रोडला बांधकामाची मशिनं भाड्याने देणारं दुकान आहे. मिक्सर, व्हायब्रेटर, जनरेटर, सेंट्रिंगच्या प्लेटा. पत्र्याची शेड, पुढे चिखल, आणि त्या चिखलात उभा राहून कायम कुणावर तरी ओरडणारा मालक, भारतशेठ. मी काउंटरला. माल गेला की पावती फाडायची, आला की तपासून घ्यायचा. निदान मला तसं सांगितलं होतं.

प्रत्यक्षात कुठलं मशीन कुठे गेलंय हे फक्त शेठच्या डोक्यात असतं, आणि शेठचं डोकं बहुतेक वेळा जाग्यावर नसतं. त्यात यांचा एक रिवाज आहे. कुठल्या देवळाचं काम असलं की मशीन फुकट जातं आणि त्याची पावती करायची नाही. "देवाच्या कामाचा कागद नसतो, म्याडम," असं मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. वर नारळ देऊन पाठवणी होते. श्रावणात त्र्यंबक रोडच्या एका महादेवाला मिक्सर गेला होता म्हणे. तो परत कधी आला, कुणी आणला, काही पत्ता नाही.

आणि एवढा कारभार करून संशय मात्र सगळ्यांवर! सकाळी आल्या आल्या फोन बिस्किटाच्या डब्यात जमा करायचे. काउंटरवर कॅमेरा आहे, त्याला ऐकूही येतं. शेठचा मेहुणा दत्तू दिवसभर घरून आपल्याला बघतो. परवा मी जांभई दिली तर त्याने दुकानाच्या फोनवर विचारलं, झोप झाली नाही का? मला शिसारी आली.

मी आपली सगळ्या मिक्सरांवर पांढऱ्या रंगाने नंबर घातले, म्हणजे काहीतरी धरायला होईल. शेठ खूश झाला नाही. "आमच्यावर भरोसा नाही का?" म्हणाला. घ्या!

दुकानात जुना माणूस एकच, रावजी. मशिनं दुरुस्त करतो, टेम्पोही चालवतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो, तेही खाली बघून. मला अजून कळलेलं नाही की तो लाजतो की लपवतो.

रुद्र अभ्यास करतो म्हणतो. तेवढं संघर्षदादाला सांग.

तुझी,
निकिता

---

विंचूर,
१५ सप्टेंबर

चि. निकिता,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर अजून चांगलं आहे, म्हणजे मी छडी वाया घालवली नाही.

नोकरी लागली, आनंद झाला. पण बाई, जिथे मालक चाकरावर डोळा ठेवतो तिथे चाकरांनी एकमेकांवर दोन डोळे ठेवायचे असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म काढला. खडू चोरणारं पोर कधी दंगा करत नाही. ते पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसतं. तुझा तो रावजी मला त्यातलाच वाटतो. खाली बघून बोलणाऱ्या माणसाच्या खिशात काहीतरी असतं. तू लक्ष ठेव. कुणी काही विचारलं तर मला माहीत नाही म्हण, आणि सगळं माहीत करून घे.

इकडची हकीकत अशी. विहाराला लागून अभ्यासिकेचं काम अखेर स्लॅबपर्यंत आलं. किती वर्षं चाललंय तुला माहीतच आहे. पोरं जमतात, पांगतात. या खेपेला आमच्या संघर्षने कंबर कसली आहे. लासलगावच्या कुणा ओळखीच्याकडून त्याने मिक्सरही आणला. पण आणला आणि पाऊस लागला. आता तो विहारापुढे ताडपत्रीखाली बसून आहे आणि त्याच्या वर आमच्या गल्लीतल्या कोंबड्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आत दिवे लागले पाहिजेत, असं पोरांनी ठरवलंय. मी म्हटलं, बाबांनो, आधी वर छप्पर तर लागू द्या!

जपून राहा. आईला विचारलं म्हणून सांग.

तुझी आत्या,
उज्वला

---

नाशिक,
२६ सप्टेंबर

प्रिय आत्या,
जयभीम.

तू म्हणालीस तेच झालं. तुमच्याकडे मिक्सर आला आणि आमचा गेला!

खंडेनवमीला इथे सगळ्या मशिनांची पूजा असते. त्या दिवशी एकही मशीन बाहेर राहिलेलं शेठला चालत नाही. झाडून सगळी आवारात यायला हवीत, धुऊन पुसून, झेंडूचे हार घालून. वर्षभर ज्यांची आठवण नसते ती या दिवसांत आठवतात. म्हणून शेठने परवा हाका मारायला सुरुवात केली आणि सात नंबरचा मिक्सर सापडेना. पावती नाही. कुणाला काही ठाऊक नाही. शेठला स्वतःलाही आठवत नाही की त्याने कुणाला तोंडी दिला होता का. हे तो कबूल करत नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

मग दत्तूने एकेकाला आत बोलावलं. दार लावून सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. "तुमचा कुणावर डाउट आहे?" बाहेर आलेला माणूस बाकीच्यांकडे बघेना. दुपारचे डबेसुद्धा आता वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडतात.

माझी पाळी आली तेव्हा शेठ म्हणाला, "इतकी वर्षं काही गेलं नाही. तू आलीस, नंबर टाकलेस, आणि गेलं. मी काय समजू?" खंडेनवमीपर्यंत मिक्सर आला नाही तर पोलिसात नाव देणार म्हणतो. कुणाचं देणार हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच ठेवली नाही. एकदा चौकीची पायरी चढले की या गावात मला काउंटरला कोण उभं करील? आईला मी यातलं काही बोललेले नाही.

आता रावजीचं ऐक. काल मी शेडच्या मागे गेले तर तो चोरून कुणाशी तरी फोनवर बोलत होता. म्हणजे डब्यात टाकतो तो फोन वेगळा आणि हा वेगळा. मी ऐकलं ते असं, "पाऊस उघडला की बघू. तवर नीट झाकून ठिवा. कुणाला बोलू नका." मला पाहिलं आणि फोन खिशात. मी विचारलं, कोण होतं? म्हणाला, "घरचं हाय." घरचं झाकून ठेवायला काय असतं गं? भाकरी?

मिक्सर हिरवा आहे, पिंपाला एका बाजूने पोचा आहे, आणि टाकीवर माझ्या हातचा पांढरा ७ आहे. असा कुठे दिसलाच तर कळव, असं आता मी दिसेल त्याला सांगत सुटले आहे.

मी शेठला रावजीचं नाव सांगू का? तुझं उत्तर येईपर्यंत थांबते.

निकिता

---

विंचूर,
१ ऑक्टोबर

चि. निकिता,
जयभीम.

रावजीचं नाव इतक्यात घेऊ नकोस. थोडं थांब. खंडेनवमीला अजून अवकाश आहे. कधी कधी वस्तू आपोआप जागेवर येते.

मागच्या पत्रात मी त्याच्याबद्दल जे लिहिलं ते उगाच लिहिलं. न पाहिलेल्या माणसाबद्दल लिहू नये.

इकडे पाऊस उघडला आहे. कामाची घाई आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. तब्येत सांभाळ.

आत्या

---

नाशिक,
५ ऑक्टोबर

आत्या,

तुझं पत्र वाचून मला रडूच आलं. इथे माझ्या गळ्याशी आलंय आणि तू म्हणतेस वस्तू आपोआप जागेवर येते? शाळेत कुणाचं कंपासपेटीतलं काही हरवलं तर तू अख्ख्या वर्गाची दप्तरं उलटी करायचीस! तुला भीती वाटली असेल, मी कुणाच्या वैरात पडेन म्हणून. पण भिऊन गप्प बसणाऱ्यावरच बालंट येतं, हे मला तूच शिकवलंस.

मी थांबले नाही. काल सकाळी शेठ मला म्हणाला, "तुझं आधार कार्ड आणून ठेव." कशाला, विचारायची हिंमत झाली नाही. मी सरळ सांगून टाकलं. फोनचं, झाकून ठेवण्याचं, सगळं.

शेठने रावजीला भर आवारात उभं केलं. "म्याडमनी ऐकलंय. बोल, कुठे विकलास?" मला वाटलं होतं तो ओरडेल, शपथा घेईल, माझ्यावर धावून येईल. त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. माझ्याकडे. मग म्हणाला, "म्याडम म्हणत्यात तर आसंल." एवढंच. कमरेच्या फडक्याला हात पुसले, डबा उचलला आणि फाटकातून निघून गेला. दत्तू मागून शिव्या देत होता. शेठ पोलिसात गेला नाही. जुना माणूस आहे, बोभाटा नको म्हणाला. मिक्सर गेला तो गेला.

मी सुटले, आत्या. शेठने आधार कार्ड पुन्हा मागितलं नाही. चहा देणारासुद्धा आता मला आधी कप देतो. पण काल रात्री जेवण गेलं नाही. चोर पकडला तर माणसाला बरं वाटायला हवं ना? त्याने नुसतं नाही म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

तू खरं लिही. मी चुकले का?

निकिता

---

विंचूर,
८ ऑक्टोबर

निकिता,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शेजारची चैताली उद्या नाशिकला कॉलेजला जाते, तिच्या हाती देते. आधीच उशीर केला, आणखी नको.

तू चुकलीस. पण तुझ्याआधी मी चुकले.

सात नंबरचा मिक्सर आमच्या विहारापुढे होता.

तुझं सव्वीस तारखेचं पत्र मिळालं तसा माझ्या मनात पाल चुकचुकली. उठले, ताडपत्री वर केली, कोंबड्या हाकलल्या आणि टाकीवरचा चिखल नखाने खरवडला. तुझा ७ मी ओळखणार नाही? पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतला आहे. तू त्याचं टोक अजून आत ओढतेस, किती वेळा सांगितलं तरी.

संघर्षला धरलं तेव्हा तो बोलला. लासलगाव वगैरे थाप होती. तो तुझ्याच दुकानात गेला होता, तुला भेटायला. तू त्या दिवशी सुट्टीवर होतीस. रावजीने विचारलं, काय पाहिजे? याने सांगितलं, विहाराच्या अभ्यासिकेचा स्लॅब आहे, पोरांकडे भाड्यापुरतंही नाही. रावजी म्हणाला, "शेठ देवळाला देतो की. पोरांनी वाचायची खोली बांधायची म्हंजे देवाचंच काम. घिऊन जा, काम झालं की आणून टाका." आपल्या हाताने टेम्पोत चढवून त्याने तो इथवर आणून दिला. संघर्षने त्याला गळ घातली, निकिताला कळू देऊ नका, ती घाबरट आहे, नोकरी नवीन आहे. पुढे पाऊस लागला आणि मिक्सर अडकला. तू ऐकलास तो फोन संघर्षचा होता.

हे सगळं मला एक तारखेला माहीत होतं. तरी मी तुला "थांब" एवढंच लिहिलं. का, तेही सांगते. मिक्सर तेव्हाच परत केला असता तर स्लॅब राहिला असता. आणि आपली पोरं एकदा पांगली की पुन्हा जमत नाहीत, हे मी किती वर्षं बघते आहे. त्यांच्या देवळाचा मंडप आठवड्यात उभा राहतो गं, आणि आपल्या पोरांच्या एका खोलीला दहा दारांत हात पसरावा लागतो. मला वाटलं, स्लॅब पडू दे, मग सांगू. एवढ्यात काय होतंय? मी माझ्या खोलीचा विचार केला. तुझा केला नाही. त्या माणसाचा तर मुळीच नाही.

स्लॅब पडला. चांगला पडला. मला तिकडे बघवत नाही.

संघर्ष ट्रॅक्टरला लावून मिक्सर खंडेनवमीला सकाळीच आणतो आहे. तो म्हणतो, मी शेठला खोटं सांगतो, रस्त्यात सापडला म्हणून. मी त्याला नको म्हटलं. काय सांगायचं ते तू ठरव. तुझी नोकरी आहे. तू गप्प राहिलीस तरी मी तुला बोल लावणार नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

आत्या

---

नाशिक,
१५ ऑक्टोबर

आत्या,

तुझ्यावर मी रागावले आहे. आणि हे पत्र संपेपर्यंत तो राग जाईल असं वाटत नाही. तू मला "थांब" लिहिलंस त्याऐवजी एक ओळ खरी लिहिली असतीस तर मी रावजींना घेऊन कुठूनही मिक्सर उभा केला असता. पण ऐकवायचंय ते ऐकवते.

खंडेनवमीला आवार सारवल्यासारखं स्वच्छ होतं. मशिनं रांगेने उभी होती. शेठ सोवळ्यात, हातात कुंकवाची वाटी, एकेका मशीनला बोट लावत निघालेला. तेवढ्यात संघर्षदादाचा ट्रॅक्टर फाटकात आला, मागे सात नंबर. सगळे बघतच राहिले. शेठने तर हात जोडले. "आईची कृपा! कुठे मिळाला?"

दादा माझ्याकडे बघत होता. त्याने तोंड उघडायच्या आत मीच बोलले. म्हटलं, "शेठ, हा चोरीला गेला नव्हता. रावजींनी एका चांगल्या कामाला दिला होता. तुमच्या रिवाजाने. पावती न करता."

शेठचा चेहरा फुलला. खरंच फुलला, आत्या. "असं होय! मग येड्यानं सांगायचं ना! देवाच्या कामाला मी कधी नाही म्हटलंय? कुठलं देऊळ?"

"देऊळ नाही. विंचूरच्या विहाराची अभ्यासिका. माझ्या आत्याच्या गावची."

शेठचं बोट कुंकवातच राहिलं. मग तो हळूच म्हणाला, "ते कुठे देऊळ आहे?" आणि सात नंबरला वगळून आठ नंबरला कुंकू लावलं.

मी म्हटलं, रावजींना परत बोलवा, त्यांची चूक नाही, चूक माझी आहे, मी न कळता बोट दाखवलं. शेठ मागे न बघता म्हणाला, "न विचारता माल बाहेर काढला. चोरी ती चोरीच."

"श्रावणात महादेवाला मिक्सर गेला तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"ते देवाचं होतं."

मला एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. मी म्हटलं, "मिक्सर तुमचाच, रिवाज तोच, पावती तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती. मग चोरी कशाची झाली, शेठ? मिक्सरची, की आम्ही तो वापरला त्याची?" सगळी माणसं ऐकत होती. हार करणाऱ्या बायकांचेही हात थांबले. दत्तू म्हणाला, "हिची जात शेवटी दिसली." संघर्षदादा ट्रॅक्टरवरून खाली उतरला, मी त्याला हाताने थांबवलं. शेठने मेहुण्याला गप्प केलं नाही. मला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." मी बिस्किटाच्या डब्यातून माझा फोन काढला आणि ट्रॅक्टरवर बसून घरी आले. आईला सगळं सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, बरं केलंस, मग पुन्हा रडली.

रावजींचा पत्ता चहावाल्याने दिला. मखमलाबादच्या पुढे, मळ्यातली दोन खोल्यांची चाळ. काल गेले. दादा येतो म्हणत होता, पण बोट मी दाखवलं होतं, म्हणून एकटीच गेले.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. शकुबाई नाव त्यांचं. मी कोण ते सांगितलं तशा त्या बाजूला झाल्या, पण आत या म्हणाल्या नाहीत. रावजी आत खाटेवर बसून कुणाचा तरी पंखा खोलत होते. मी उंबऱ्यातूनच बोलले. काय काय पाठ करून गेले होते, त्यातलं निम्मं विसरले. मला कळलं नव्हतं, मी घाबरले होते, माझं चुकलं. त्यांचे हात स्क्रू काढत राहिले.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं. "नुसतं सांगितलं असतं, मिक्सर हिच्याच आत्याकडे आहे!"

"आन् मंग तुमाला काढलं आसतं," ते म्हणाले. "तुमच्या भावाला शब्द दिल्ता, तुमचं नाव मधी येऊ देणार नाय म्हणून. पर खरं सांगू का म्याडम, लय राग आल्ता तुमचा. आजून हाय."

"असू दे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शकुबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या. मला निघावंसं वाटत होतं आणि पाय हलत नव्हते. मग रावजींनी विचारलं, "मिक्सर पोचला का?"

"पोचला. खंडेनवमीला."

"शेठला काय सांगितलं मंग?"

"खरं ते सांगितलं. सगळ्यांसमोर."

"मंग?"

"मलाही काढलं."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी आवारात बघितलं होतं तसं नाही. मग खाटेवरचे पंख्याचे सुटे भाग हाताने एका बाजूला सारले आणि जागा केली.

"म्हंजे इतका येळ उभीच हायेस व्हय," ते म्हणाले. "बस पोरी. शकू, च्या टाक."

निकिता